बोटांचे वळण

यंदाच्या आषाढात, एका ओल्या सकाळी, दुधाची पिशवी वाचवण्याच्या नादात मी जिन्याच्या शेवटच्या तीन पायऱ्या एकदमच उतरलो. पिशवी वाचली, डाव्या मनगटाचे हाड मात्र मोडले. डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लॅस्टर घातले, सहा आठवडे हात हलवायचा नाही असे बजावले आणि माझा पडलेला चेहरा पाहून वर धीरही दिला, "अहो, डावाच आहे ना? मग काय बिघडले? उजवा शाबूत आहे!"

हे वाक्य पुढल्या सहा आठवड्यांत मी निदान पन्नास जणांच्या तोंडून ऐकले. डाव्या हाताला आपल्याकडे मुळी मानच नाही. तीर्थाला तो चालत नाही, प्रसादाला चालत नाही, आणि लाच खाणाऱ्याचे वर्णन करायचे असले तरच त्याची आठवण होते. पण माझा धंदा असा आहे की, त्यात डाव्या हाताच्या करंगळीवाचून पान हलत नाही.

मी संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो. 1988 सालापासून पोटापाण्यासाठी दुसरे काहीही केलेले नाही. हे प्रोग्रॅम ज्या साधनात लिहायचे त्याला 'एडिटर' म्हणतात. "यंदा निरनिराळ्या एडिटरांच्या तऱ्हेवाईकपणावर लिहिणार आहे," असे मी या अंकाच्या संपादकांना कळवले, तेव्हा त्यांचे उत्तर यायला चार दिवस लागले. म्हणून आधीच खुलासा करून ठेवतो. हा एडिटर म्हणजे माणूस नव्हे. ती प्रोग्रॅम लिहिण्याची वही आहे. मात्र वही मोठी हुशार. एखादे नाव बदला म्हटले की दोनशे पानांवरचे बदलते, एखादी ओळ वर न्या म्हटले की नेते. आता हे 'म्हणायचे' कसे? तर दोन मार्ग. एक, माउस हातात धरून पडद्यावरच्या याद्या उलगडत बसायचे. दुसरा, कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट या बटणांपैकी एखादे दाबून धरायचे आणि सोबत एखादे अक्षर दाबायचे. यालाच शॉर्टकट म्हणतात. माउसवाला बैलगाडीने जातो, शॉर्टकटवाला आगगाडीने. निदान शॉर्टकटवाल्यांची तशी समजूत असते. माझी तर फारच होती.

यातले चार शॉर्टकट वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असतील. कंट्रोलबरोबर झेड दाबले की केलेले रद्द, एक्स दाबले की कापले, सी दाबले की नक्कल, व्ही दाबले की चिकटवले. आता आपला कीबोर्ड काढून पाहा. झेड, एक्स, सी, व्ही ही चारही अक्षरे खालच्या ओळीत, डाव्या हाताखाली, शेजारी शेजारी बसली आहेत. उजव्या हातात माउस असावा आणि डाव्याने ही कामे व्हावीत, अशी ती सोय आहे. 'डावाच आहे ना?' म्हणणाऱ्या पन्नास जणांना मी हे सांगू पाहिले. कोणी ऐकून घेतले नाही.

हे चार सोडले, तर मात्र एका एडिटरचा शॉर्टकट दुसऱ्यात चालेल याची मुळीच खात्री नसते. उदाहरणार्थ कंट्रोल-डी घ्या. मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड नावाचा एडिटर आज फार लोकप्रिय आहे. त्यात कंट्रोल-डी दाबले की, निवडलेला शब्द पुढे जिथे आला असेल तोही निवडला जातो. इंटेलिजे नावाच्या एडिटरात तेच दाबले तर ओळीची जुळी बहीण जन्माला येते. एक्लिप्समध्ये ती ओळच नाहीशी होते. ईमॅक्समध्ये पुढचे एक अक्षर पुसले जाते, व्हिममध्ये मजकूर अर्धा पडदा पुढे सरकतो, आणि जुन्या वर्डस्टारमध्ये फक्त एक घर उजवीकडे गेल्यासारखे होते. कंट्रोल-एसचेही तसेच. बहुतेक ठिकाणी त्याने काम जतन होते. ईमॅक्स 'काय शोधू?' म्हणून विचारतो. आणि व्हिम काळ्या पडद्याच्या टर्मिनलात चालू असेल, तर कित्येकदा सगळा पडदाच गोठल्यासारखा होतो. नवखा माणूस घाबरून यंत्र बंद करतो. जाणता कंट्रोल-क्यू दाबून हसतो.

हे सारे विचित्र वाटेल, पण आपल्या स्वयंपाकघरांतून दुसरे काय चालते? प्रत्येक घरात तेच पोहे, तीच हळद, तीच मोहरी. पण पाहुणी बाई चहा करायला उठली की पहिला प्रश्न येतो, 'साखर कुठे ठेवता हो तुम्ही?' आमच्याकडे तर या प्रश्नावरून दोन वर्षांपूर्वी अबोला धरण्याची वेळ आली होती. आमची सूनबाई डावरी आहे. लग्न होऊन आल्यावर महिन्याभरात तिने मिसळणाचा डबा शेगडीच्या उजवीकडून उचलला आणि डावीकडे ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोहरी तडतडू लागली, सौ.चा हात तीस वर्षांच्या सवयीने उजवीकडे गेला आणि रिकाम्या ओट्यावर आपटला. फोडणी करपली. सौ. काही बोलली नाही, पण दुपारपर्यंत डबा पुन्हा उजवीकडे गेला होता. मी तेव्हा सौ.ची बाजू घेतली होती. घराला एक वळण असावे, असे काहीसे बोललोही होतो.

वळण हा शब्द माझ्या वडिलांचा. ते एका सरकारी कचेरीत टंकलेखक होते. ए-एस-डी-एफ, सेमिकोलन-एल-के-जे हे धडे मी शाळेत असतानाच त्यांच्या देखरेखीखाली गिरवले. समोर पाहायचे, बोटांकडे पाहायचे नाही. पाहिले तर हातावर रुमाल टाकीत. 1874 साली रेमिंग्टन कंपनीने जे यंत्र बाजारात आणले, त्यावरची क्यू-डब्ल्यू-ई-आर-टी-वाय ही मांडणी अजून आपल्या मोबाइलवरही टिकून आहे. शोल्सने ती पोलादी दांड्यांच्या यंत्रासाठी रचली. दांड्या गेल्या, शाई लावलेली फीत गेली, मांडणी राहिली. कारण ती यंत्रात राहिली नव्हतीच. ती माणसांच्या बोटांत जाऊन बसली होती.

वडिलांना निवृत्तीपूर्वी एकदोन वर्षे संगणकावर मराठी लिहायला सांगण्यात आले. सरकारने 1986 साली भारतीय भाषांसाठी इनस्क्रिप्ट ही मांडणी ठरवली होती. स्वर डाव्या हाताकडे, व्यंजने उजव्या हाताकडे. आणि सगळ्या भारतीय लिप्यांना एकच रचना. शास्त्रशुद्ध, यात शंका नाही. पण वडिलांची बोटे मराठी टाइपरायटरवर मुरलेली. चार दिवस त्यांनी प्रयत्न केला आणि पाचव्या दिवशी साहेबांना सांगून आले, "माझ्या बोटांना एक वळण लागले आहे. आता ती दुसरे घर करायची नाहीत." मला तेव्हा त्यांचा राग आला होता. संगणकाच्या धंद्यात नुकताच स्थिरावलेला मुलगा होतो मी! माणसाने बदलत राहिले पाहिजे, असे त्यांना ऐकवले. ते नुसते हसले.

त्यानंतर मी स्वतः किती बदललो, हे सांगण्यासारखे आहे.

माझा पहिला एडिटर वर्डस्टारच्या वळणाचा होता. वर्डस्टार 1978 मध्ये आला. तेव्हाच्या पुष्कळ कीबोर्डांवर बाणांची बटणे असतीलच असा भरवसा नव्हता, म्हणून त्याने कंट्रोल दाबून ई म्हणजे वर, एक्स म्हणजे खाली, एस म्हणजे डावीकडे आणि डी म्हणजे उजवीकडे, अशी तोड काढली. ही चार अक्षरे कीबोर्डावर चौकटच्या पानासारखी बसली आहेत. पाहायची गरज नाही. बोट ज्या दिशेला जाईल त्या दिशेला पडद्यावरची खूण जाते. त्या काळी कंट्रोलचे बटण बहुधा ए या अक्षराच्या शेजारी असे, त्यामुळे करंगळीला ते जवळ पडे. 1983 मध्ये निघालेल्या टर्बो पास्कलने हेच वळण उचलले, आणि मी त्यावर शिकलो. कंट्रोल-वाय दाबले की ओळ पुसली जाणार, हे तिथले.

1991 मध्ये नोकरी बदलली आणि युनिक्सच्या यंत्रासमोर येऊन बसलो. तिथे व्ही-आय नावाचा एडिटर होता. बर्कलेच्या विद्यापीठात बिल जॉय या विद्यार्थ्याने 1976 च्या सुमारास तो लिहायला घेतला. त्याच्यासमोर एडीएम-3ए नावाचे टर्मिनल होते. त्यावर बाणांची वेगळी बटणे नव्हती. एच, जे, के, एल या चार बटणांवरच बाण छापलेले होते. म्हणून व्ही-आयमध्ये डावीकडे जायला एच, खाली जे, वर के आणि उजवीकडे एल. जॉय घरून काम करी तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला जेमतेम तीस अक्षरे येत. इतक्या संथ तारेवर हुकूम जितका तोकडा तितका बरा. म्हणून त्याने कंट्रोलचे लचांडही फारसे ठेवले नाही. व्ही-आयच्या दोन अवस्था असतात. एकीत बटण दाबले की अक्षर उमटते; दुसरीत तेच बटण हुकूम होतो. दोनदा डी म्हणजे ओळ काढा, दोनदा वाय म्हणजे ओळ उचलून घ्या, पी म्हणजे ठेवा, यू म्हणजे झाले गेले विसरा. एका अवस्थेतून दुसरीत यायला एस्केपचे बटण. ते आज कोपऱ्यात आहे. जॉयच्या टर्मिनलवर ते क्यूच्या शेजारी, अगदी हाताशी होते.

पहिल्या दिवशी मला व्ही-आयमधून बाहेर पडता आले नाही. हे लाजिरवाणे वाटे, पण 2017 साली प्रोग्रॅमरांच्या एका मोठ्या प्रश्नोत्तराच्या ठिकाणाने जाहीर केले की, 'व्हिममधून बाहेर कसे पडायचे?' हा प्रश्न तोवर दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला आहे, तेव्हा मला फार बरे वाटले. व्हिम म्हणजे याच व्ही-आयची 1991 मध्ये ब्राम मूलेनार या डच गृहस्थाने काढलेली सुधारलेली आवृत्ती. पहिले तीन महिने मी रोज व्ही-आयला शिव्या दिल्या. त्यानंतर तीस वर्षे दुसऱ्या कशालाही हात लावला नाही.

शेजारच्या टेबलावरचे माझे एक स्नेही ईमॅक्सचे भक्त होते. ईमॅक्सही 1976 चाच, पण अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाचा, एमआयटीतला. त्याचा सगळा कारभार कंट्रोल आणि मेटा ही बटणे दाबून धरण्यावर. पुढे जायला कंट्रोल-एफ, मागे यायला कंट्रोल-बी, जतन करायला कंट्रोल-एक्स आणि लगेच कंट्रोल-एस. एमआयटीच्या कीबोर्डांवर कंट्रोल आणि मेटा स्पेसबारच्या बाजूला, अंगठ्याच्या टप्प्यात होती. पुढे पीसीच्या कीबोर्डावर कंट्रोल कोपऱ्यात गेले आणि सगळा भार करंगळीवर आला. स्नेह्यांची करंगळी दुखे. मी त्यांना हसे.

आणि याच सुमारास, बर्कलेपासून थोड्याच अंतरावर, पालो आल्टोला झेरॉक्सच्या संशोधनशाळेत लॅरी टेस्लर म्हणून एक गृहस्थ होते, त्यांना अवस्था या प्रकाराचाच तिटकारा होता. बटण कधी अक्षर आणि कधी हुकूम, हा माणसावर अन्याय आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या मोटारीच्या नंबरप्लेटवरसुद्धा 'नो मोड्स' अशी अक्षरे होती. कापणे, नक्कल करणे आणि चिकटवणे ही आपली नित्याची कृत्ये रूढ करणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. 2020 मध्ये ते वारले. एकाच दशकात, एकाच खाडीच्या काठी, एकजण अवस्थांवर एडिटर उभारीत होता आणि दुसरा अवस्था मोडून काढीत होता. दोघांचेही खरे ठरले. जगाने टेस्लरांचे ऐकले, मी जॉयचे.

ऐकले इतकेच नव्हे, तर दुसऱ्यांनाही ऐकायला लावले. आता गोष्टीच्या नको असलेल्या भागाकडे येतो.

माझ्या हाताखाली सात-आठ जण काम करतात. त्यांनी व्हिमची बटणे शिकलीच पाहिजेत, असा माझा दंडक होता. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा नव्याने आला. लातूरकडचा, अबोल, कामाला चोख. तो व्हीएस कोड वापरी. बाणांच्या बटणांनी चाले आणि बरेचसे काम माउसने करी. एकदा भर मीटिंगमध्ये मोठ्या पडद्यावर तो काही दाखवीत होता. माउस घेऊन तो यादीतून खाली, खाली जात असता मी म्हणालो, "अरे, चालायला केव्हा शिकणार? का रांगतच जायचे आहे?" सगळे हसले. तोही हसला. मला वाटले, थट्टेने माणूस लवकर शिकतो. त्यानंतर त्याने माझ्यासमोर कधी मोठ्या पडद्यावर काम केले नाही, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

प्लॅस्टर घातल्यावर आठवड्याने मी कचेरीत जाऊ लागलो. गळ्यात झोळी, झोळीत हात. कोणी तरी माझ्याशेजारी बसून मदत करावी असे ठरले आणि योगायोगाने त्या मुलाचीच नेमणूक झाली. त्याच्या यंत्रावर, त्याच्या एडिटरात, एका हाताने, माउस धरून मी यादीतून खाली, खाली जाऊ लागलो. तो शेजारी बसून पाहत होता. एक शब्द बोलला नाही. त्या शांततेत मला माझेच वाक्य स्वच्छ ऐकू येत होते.

त्याच दिवशी संध्याकाळी तो चहाला गेला असताना मी एका दुसऱ्या एडिटरात एक बदल करायला गेलो. रद्द केलेले काही परत आणायचे होते. पत्रे लिहिण्याच्या सवयीने बोटे कंट्रोल-वायवर गेली. पुष्कळ ठिकाणी त्याचा अर्थ 'रद्द केलेले परत आणा' असा आहे. पण या एडिटरने वर्डस्टारचे वळण जपले होते. तिथे त्याचा अर्थ 'ओळ पुसा'. ओळ गेली. चौतीस-पस्तीस वर्षांपूर्वी हेच बटण मी स्वतः रोज त्याच अर्थाने दाबीत होतो, ही त्यातली मौज! व्याजाचा हिशेब पूर्ण पैशात आणणारी ती ओळ होती. माझ्या लक्षात आले नाही. मी काम जतन केले आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो ओळ जागच्या जागी. रात्री कोणी काय बदलले याची नोंद यंत्र ठेवीतच असते. त्या मुलाने ती गळलेली ओळ हेरली होती, परत घातली होती, आणि नोंदीत फक्त 'दुरुस्ती' इतकेच लिहिले होते. माझे नाव नाही, कसली चूक तेही नाही. ती ओळ तशीच पुढे गेली असती तर हजारो लोकांच्या व्याजात पैशांची गफलत झाली असती आणि मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. थट्टा करायची इतकी सुंदर संधी माझ्या हाती आली असती, तर मी ती सोडली असती का?

त्यावर त्याने आणखी एक केले. टेबलावर एक मोठा कागद ठेवला. आडवे-उभे रकाने आखलेले. वर पाच एडिटरांची नावे. डाव्या बाजूला रोजची कामे. आणि प्रत्येक चौकटीत त्या कामाचा शॉर्टकट. ज्याला डावा हात लागतो तो लाल शाईने, ज्याला लागत नाही तो निळ्या. "सर, रात्री बसून करून पाहिला," तो म्हणाला, "एका हाताने दाबून पाहिले सगळे."

तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. तीस वर्षे एकाच एडिटराशी संसार केल्यामुळे मला जे दिसले नव्हते, ते त्यात एका दृष्टिक्षेपात दिसत होते. 'ओळ पुसा' एवढेच काम घ्या: व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-शिफ्ट-के, इंटेलिजेत कंट्रोल-वाय, एक्लिप्समध्ये कंट्रोल-डी, व्हिममध्ये दोनदा डी, ईमॅक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-बॅकस्पेस. 'नाव बदला' हे एकाकडे एफ-2, दुसऱ्याकडे शिफ्ट-एफ-6, तिसऱ्याकडे ऑल्ट-शिफ्ट-आर. व्हिमची बरीचशी बटणे निळी होती, कारण ती एकामागून एक दाबायची. एका हाताला घाई नसेल तर जमते. माझी छाती थोडी फुगली. एस्केपच्या जागी उजवे कंट्रोल आणि चौकोनी कंसाचे बटण चालते, हेही त्याने खाली टीप देऊन लिहिले होते. म्हणजे माझ्या दंडकाचा राग मनात असूनही त्याने व्हिम माझ्याहून बारकाईने पाहिला होता.

पण खरी गंमत मधल्या ओळींत होती. नक्कल करण्यासाठी कंट्रोल-इन्सर्ट, चिकटवण्यासाठी शिफ्ट-इन्सर्ट, कापण्यासाठी शिफ्ट-डिलीट. ही 1987 च्या आसपासची आयबीएमच्या नियमावलीतली बटणे. पुढे झेड-एक्स-सी-व्हीचा बोलबाला झाला आणि यांना सगळे विसरले. विसरले, पण काढून कोणी टाकले नाही. ती बटणे उजव्या हाताखाली आहेत आणि त्याच्या कागदावरच्या पाचांपैकी चार एडिटरांत आजही चालतात. माडीवरच्या अडगळीत आजोबांची काठी सापडावी आणि नेमका आपला पाय मुरगळलेला असावा, तसे मला झाले.

घरी आल्यावर मी तो कागद सूनबाईला दाखवला. तीही याच धंद्यातली. तिने तो कौतुकाने पाहिला आणि म्हणाली, "बाबा, शिफ्ट ओळीने पाच वेळा दाबून पाहा." विंडोजमध्ये तसे केले की स्टिकी कीज नावाची सोय सुरू होते. मग कंट्रोल दाबून धरावे लागत नाही. आधी कंट्रोल, मग सावकाश अक्षर, असे एकाच बोटाने काम होते. मी विचारले, "तुला कसे ग ठाऊक?" ती म्हणाली, "जग उजव्यांनी मांडलेले असते, बाबा. डावऱ्या माणसाला सगळ्या आडवाटा शोधून ठेवाव्या लागतात." हे ती अगदी सहज बोलली. मी मात्र ओट्याकडे पाहिले. मिसळणाचा डबा शेगडीच्या उजवीकडे होता. दोन वर्षे ती रोज शेगडीवरून हात ओलांडून हळद घेत होती आणि मी तिला घराचे वळण सांगितले होते.

एच-जे-के-एल ही बटणे थोर असल्याचे मी तीस वर्षे सांगत आलो. ती थोर नव्हेत. एका टर्मिनलच्या कारखानदाराने तिथे बाण छापले होते, म्हणून ती आहेत. वर्डस्टारचे चौकटचे पान, ईमॅक्सचे मेटा, टेस्लरांचे झेड-एक्स-सी-व्ही, सगळे त्या त्या यंत्राच्या अडचणीतून आले. यंत्रे भंगारात गेली. अडचणी आमच्या बोटांत राहिल्या आणि त्यांना आम्ही तत्त्वे म्हणू लागलो. वडील निदान प्रामाणिक होते. त्यांनी 'माझी बोटे दुसरे घर करायची नाहीत' असे म्हटले. 'सगळ्यांनी माझ्याच घरात राहा' असे म्हटले नाही.

गणपतीच्या आधी प्लॅस्टर निघाले. हात वाळून काटकीसारखा झाला होता. पहिल्याच दिवशी कचेरीत मी दंडक मागे घेतला. ज्याने त्याने आपल्या आवडीचा एडिटर वापरावा. बटणे कोणतीही दाबा, माउसने करा. नियम एकच: लिहिलेले एका वळणाचे असावे. समास किती सोडायचा, ओळ कुठे मोडायची, हे एडिटरकॉन्फिग नावाच्या छोट्याशा फाइलीत एकदा लिहून ठेवता येते आणि बहुतेक एडिटर ती मानतात. काही आपण होऊन, काही एखादी जोड दिल्यावर. ही फाइल कोणी लिहावी, असा प्रश्न निघाला तेव्हा मी त्या मुलाचे नाव सुचवले. त्याने ती मोठ्या पडद्यावर, सर्वांसमोर, माउस हातात घेऊन लिहिली. कोणी हसले नाही.

नंतर जिन्यात त्याला एकटा गाठून मी म्हणालो, "अरे, त्या दिवशी मीटिंगमध्ये मी जे बोललो—"

"कुठल्या दिवशी, सर?" त्याने विचारले. पण त्याचे कान लाल झाले होते.

मी पुढे काही बोललो नाही. त्यानेही बोलू दिले नाही. पायऱ्या जपून उतरा, इतकेच म्हणाला.

मी व्हिम सोडला का, असे कोणी विचारील. छे! बोटांनी इतक्या वर्षांनी दुसरे घर करणे कठीण. आता व्हीएस कोडमध्येच व्हिमची बटणे चालवणारी एक जोड मी बसवून घेतली आहे. भाड्याच्या नव्या घरात जुना पाट मांडून बसावे, तसा बसतो. त्या मुलाच्या यंत्रावर काम करायची वेळ आली की निमूटपणे माउस हातात घेतो. यादीतून खाली, खाली जातो. पोचतो.

घरी मी सौ.ला हे सारे सांगितले. ती चकल्यांची भाजणी भाजत होती. तिने ऐकून घेतले, काही म्हणाली नाही. पण संध्याकाळी पाहिले तर मिसळणाचा डबा ओट्याच्या मधोमध, शेगडीच्या मागे, भिंतीला टेकून ठेवलेला होता. आता दोघींनाही थोडासा हात लांब करावा लागतो.